खानदेशातील पानगळ: मोटारीचे रस्ते आणि सोप्या पायवाटा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानदेशात पानगळीचे रंग खरोखर पाहण्यासारखे असतात का?

असतात, मात्र निघण्यापूर्वी अपेक्षा नीट बांधून घ्यावी. काश्मीरमधील चिनार एका ठरावीक पंधरवड्यात एकदम पेटल्यासारखे लाल होतात, तसे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत घडत नाही. येथील रान हे मुख्यत्वे शुष्क पानझडी प्रकारचे आहे आणि त्यात सालई, मोई, साग, धावडा, अंजन, पळस, खैर अशी प्रत्येक झाडाची पाने गळण्याची वेळ निराळी असते. त्यामुळे एका डोंगरावर एकाच वेळी पिवळी, तांबूस, करडी आणि अजून हिरवी अशी झाडे शेजारी शेजारी उभी दिसतात. शिवाय येथे रंग दोनदा येतो: पान जाताना एकदा आणि नवे पान येताना पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळचा रंग अनेकदा पहिल्यापेक्षा सरस असतो, ही गोष्ट बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना सहसा कोणी सांगत नाही.

मग जावे तरी केव्हा? शरदात की शिशिरात?

शरद ऋतू, म्हणजे आश्विन आणि कार्तिक, हा खानदेशात पानांचा नव्हे तर गवताचा हंगाम आहे. दसरा ते दिवाळी या काळात माळरानावरील गवत पिकून सोनेरी होते, कपाशीची बोंडे फुटू लागतात आणि डोंगर मात्र दुरून हिरवेच दिसतात. त्या दिवसांत सागाची पाने तपकिरी व जाळीदार झालेली आढळली, तर तिला पानगळ समजू नये. सागाच्या पानाचा गर खाऊन केवळ शिरांचे जाळे मागे ठेवणाऱ्या अळीचे ते काम असते.

खरी पानगळ नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सालई आणि मोईपासून सुरू होते. डिसेंबर आणि जानेवारीत सागाची मोठाली पाने खडखडत खाली येतात. धावडा जानेवारीअखेरीपासून तांबूस होऊ लागतो आणि फेब्रुवारीत त्याचा रंग सर्वांत गडद असतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत काटेसावर, पांगारा आणि पळस निष्पर्ण फांद्यांवर फुलतात, तर मार्चअखेरीस कुसुम, पिंपळ, मोह आणि अंजन यांची नवी पालवी लाल किंवा तांबूस रंगात फुटते. एकदाच येणे शक्य असेल तर फेब्रुवारीचा दुसरा किंवा तिसरा आठवडा निवडावा, असे आमचे मत आहे. दोनदा येता आले तर पहिली फेरी जानेवारीच्या मध्यास आणि दुसरी होळीच्या आसपास करावी, आणि दोन्ही वेळा रस्ता तोच ठेवावा. नवा रस्ता पाहण्यापेक्षा ओळखीचा रस्ता बदललेला पाहणे अधिक आनंदाचे असते.

पावसाळा उशिरापर्यंत लांबला तर हे सारे वेळापत्रक दोन-तीन आठवडे पुढे सरकते. पाऊस लवकर उघडला तर जानेवारीतच डोंगर बोडके होतात.

दोन डोंगररांगांपैकी कोठे आधी जावे?

या प्रश्नाचे उत्तर नकाशातच दडलेले आहे. खानदेश हे मुख्यतः तापीचे खोरे असून त्याच्या उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आहे. खोऱ्यात उभे राहिले असता सातपुड्याची जी बाजू दिसते ती दक्षिणाभिमुख असते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे या उतारांवर दिवसभर ऊन पडते, तेथील माती लवकर वाळते आणि पाने लवकर पिकतात. याउलट अजिंठा रांगेची खानदेशाकडील बाजू उत्तराभिमुख आहे. तेथील कडे बराच वेळ सावलीत राहतात, ओल टिकते आणि ओढ्याकाठची झाडे आणखी काही आठवडे हिरवी राहतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीत सातपुडा आणि फेब्रुवारीत पाटणादेवी-गौताळा असा क्रम लावावा. एकाच रांगेत फिरतानाही हाच नियम लागू पडतो: उन्हाची बाजू आधी बोडकी होते आणि घळीतली बाजू नंतर.

पानांचा रंग बदलतो कशामुळे?

पानातील हिरवे हरितद्रव्य सतत तयार होत असते आणि सतत मोडतही असते. झाडाने पान टाकण्याची तयारी सुरू केली की नवे हरितद्रव्य तयार होणे थांबते, असलेले मोडते, त्यातील उपयोगी अंश झाड फांदीत परत ओढून घेते आणि पानात मुळातच असलेली पिवळी-नारिंगी द्रव्ये उघडी पडतात. लाल रंगाचे तसे नाही. तो बहुतेक वेळा नव्याने तयार होतो आणि म्हणूनच सर्व झाडांत दिसत नाही. शेवटी देठाच्या बुडाशी पेशींचा एक कमकुवत थर तयार होतो आणि वाऱ्याच्या लहानशा झुळुकीनेही पान सुटते.

थंड प्रदेशांत ही प्रक्रिया लहान होत जाणारा दिवस आणि थंडी यांमुळे सुरू होते. खानदेशात थंडीपेक्षा पाण्याची टंचाई हे मोठे कारण आहे. येथील पाऊस प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, त्यानंतर जमिनीतील ओल उतरत जाते, आणि रुंद पानांतून पाणी उडून जाऊ देणे झाडाला परवडत नाही. घरातील कर्ता माणूस दुष्काळात खर्च आवरतो, तसे झाड पाने आवरते.

कोणती झाडे ओळखता आली म्हणजे प्रवासाचा आनंद वाढतो?

सुरुवात सागापासून करावी, कारण तो सर्वत्र आहे. त्याचे पान ताटाएवढे मोठे व खरखरीत असते, वाळल्यावर पायाखाली पापडासारखे मोडते, आणि कोवळे पान बोटांत चुरगळले तर बोटे लाल होतात. मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

धावड्याकडे लोक दुर्लक्ष करतात, पण फेब्रुवारीतील सातपुड्याला तांब्याचा रंग बहुतांशी तोच देतो. त्याची पाने लहान असतात, खोड फिकट व गुळगुळीत असते आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात सबंध झाड मंद पेटलेल्या शेगडीसारखे दिसते.

कांडोळ हे झाड मात्र पाने गळाल्यावरच पाहावे. त्याचे पांढुरके, कागदासारखे सोलणारे खोड खडकाळ उतारावर दुरूनही उठून दिसते, आणि चांदण्या रात्री ते इतके विलक्षण दिसते की त्याला भुताचे झाड म्हणणाऱ्यांना दोष देता येत नाही. सालईच्या खोडावर डिंक असतो. त्याचा धुपासारखा वास दुपारच्या उन्हात हवेत पसरलेला जाणवतो.

अंजन हे खानदेशाच्या रानाचे खास वैशिष्ट्य मानावे लागेल. त्याचे पान आपट्याच्या पानाची लहानशी प्रतिकृती वाटते, फांद्या खाली झुकलेल्या असतात आणि कोरड्या, मुरमाड जमिनीतही ते तग धरते. त्याची निष्पर्ण अवस्था थोडे दिवस टिकते, आणि एप्रिलच्या सुमारास येणारी त्याची तांबूस नाजूक पालवी पाहण्यासाठी भर उन्हात जाण्याचे कष्ट घ्यावेत इतकी ती सुंदर असते.

राहिला पळस. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. फेब्रुवारीअखेरीस ती तीनही उरत नाहीत आणि झाडभर केशरी फुले येतात. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होत असल्याने गावात कोणी ‘पयस फुलना’ म्हटले, तर गाडी थांबवून विचारावे की कोठे.

मोटारीने एका दिवसात पाहण्याजोगा सर्वांत चांगला रस्ता कोणता?

आमच्या मते बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गाचा रावेर ते शिरपूर हा टप्पा. सावदा, फैजपूर, यावल आणि चोपडा ही गावे घेत हा रस्ता सातपुड्याच्या पायथ्याला जवळजवळ समांतर जातो. डाव्या हाताला, म्हणजे तापीच्या दिशेने, केळीच्या बागांची गर्द हिरवाई आणि उजव्या हाताला पिवळे-करडे पडत गेलेले डोंगर असा विरोध क्वचितच इतक्या जवळून पाहायला मिळतो. केळीला बाराही महिने पाणी दिले जाते आणि डोंगराला पावसाखेरीज काही मिळत नाही. हिरवाईची ती रेघ प्रत्यक्षात सिंचनाची हद्द आहे. हिवाळ्यात हे डोंगर दिवसभर उन्हात असल्यामुळे सकाळी निघालो किंवा दुपारी, रंग नीट दिसतात.

या मुख्य रस्त्यावरून उजवीकडे अनेक लहान रस्ते डोंगरात शिरतात. रावेर तालुक्यातील पाल हे त्यांतील सर्वांत सोयीचे ठिकाण. सुकी नदीचे खोरे, सागाचे रान आणि थंड सकाळ यांसाठी तेथे अर्धा दिवस राखून ठेवावा. यावल अभयारण्य याच पट्ट्यात असून ते १९६९ मध्ये घोषित झाले. यावल तालुक्यातच मनुदेवीचे स्थान आहे. पावसाळ्यात धबधब्यासाठी तेथे गर्दी लोटते, पण फेब्रुवारीत कडे उघडे पडल्यावर दरीचा खरा आकार कळतो. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेव हे गरम पाण्याचे कुंड आहे. थंडीत सकाळी रान पाहून तेथे पोहोचणे, हा क्रम उलटा करू नये.

शिरपूरहून वेळ उरल्यास आग्रा मार्गाने पळासनेरपर्यंत जाता येते. गावाच्या नावातच पळस असल्यामुळे मार्चमध्ये तेथे जाण्याचा मोह आवरत नाही. मात्र त्या मार्गावर अवजड वाहनांची वर्दळ अखंड असते आणि रमतगमत गाडी चालवण्याचा तो रस्ता नव्हे.

तोरणमाळसाठी किती वेळ हातात असावा?

किमान एक मुक्काम. शहाद्याहून तोरणमाळ सुमारे ५५ किलोमीटर आहे, परंतु शेवटच्या घाटातील वळणे अशी आहेत की घड्याळाकडे पाहून गाडी चालवू नये. सात पायरीचा घाट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चढावर दर दोन वळणांनी झाडांचा रंग बदलतो: खाली साग आणि सालई पूर्ण निष्पर्ण, मध्यावर धावडा तांबूस, आणि माथ्यावर आंबा, मोह व जांभूळ अजून हिरवे. सुमारे ११५० मीटर उंचीवरील या पठारावर जानेवारीतील पहाट हुडहुडी भरवणारी असते, तेव्हा खानदेशी उन्हाळ्याच्या आठवणीवर विसंबून स्वेटर घरी ठेवू नये.

पोहोचल्यावर यशवंत तलावाकाठी चालावे. वाट बहुतेक सपाट आहे, आणि सकाळी वारा नसेल तर पाण्यात काठावरील झाडांचे प्रतिबिंब स्थिर पडते. सीता खाईच्या कड्यावरून समोरच्या उतारांवरील रंगांचे पट्टे एका नजरेत येतात. आम्हाला तेथील दुपारी चारनंतरचा तास सर्वांत आवडतो. महाशिवरात्रीला तोरणमाळला गोरक्षनाथांची मोठी यात्रा भरते. यात्रा पाहायची असेल तर अवश्य त्याच दिवशी जावे, पण शांतपणे पाने पाहायची असतील तर तो आठवडा टाळावा. मुक्कामाची व्यवस्था आधी ठरवून घ्यावी, कारण वर ऐनवेळी पर्याय फारसे नाहीत.

नंदुरबारकडून प्रकाशामार्गे शहाद्याला येणाऱ्यांसाठी एक अवांतर सूचना. डिसेंबर-जानेवारीत नंदुरबारच्या आसपास वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारी दिसतात. त्या हंगामात संपूर्ण जिल्ह्यात त्याहून लाल काहीच नसते. पान नसले तरी रंगाच्या यादीत तिला स्थान द्यावे लागते. फक्त गाडीच्या काचा वेळीच वर कराव्यात.

पाटणादेवी आणि गौताळ्याचा मार्ग कसा आहे?

चाळीसगावहून पाटणादेवी सुमारे १८ किलोमीटर आहे. चंडिकादेवीच्या मंदिरापर्यंत वाहन जाते आणि तेथून पुढील रान गौताळा-औट्रम घाट अभयारण्याचा भाग आहे. १९८६ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटर असून ते जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत पसरले आहे. तिन्ही बाजूंनी कडे असल्यामुळे येथे सकाळचे ऊन उशिरा उतरते, म्हणून फार पहाटे पोहोचण्याचा अट्टहास करू नये.

मंदिरापासून ओढ्याच्या काठाने धवलतीर्थाच्या दिशेने जाणारी वाट सोपी आणि बरीचशी सावलीची आहे. वाळलेल्या पानांचा थर काही ठिकाणी घोट्यापर्यंत येतो आणि चालताना होणारा आवाज इतका मोठा असतो की गप्पा आपोआप थांबतात. जवळच पाटण गावच्या परिसरात यादवकालीन महादेव मंदिर आहे. थोर गणिती भास्कराचार्यांचे नाव या परिसराशी जोडले जाते, कारण त्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला, असे येथील तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख सांगतो. निष्पर्ण झाडांतून ते मंदिर पूर्ण दिसते. पावसाळ्यातील दाट पालवीत त्याचा अर्धा बांधा झाकला जातो.

चाळीसगाव-कन्नड रस्त्यावरील घाटाला औट्रम घाट हे नाव १८२५ च्या सुमारास खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यावरून पडले आहे. घाटातून खाली खानदेशाकडे पाहताना रानाचे तपकिरी आणि शेतांचे हिरवे तुकडे एकमेकांत गुंतलेले दिसतात. घाट अरुंद आहे आणि वाहतूक दाटीची असते. दृश्य पाहायचे असेल तर माथ्यावर सुरक्षित जागी थांबावे, वळणावर कदापि नाही.

धुळ्यात काम आहे आणि हाताशी दोनच तास आहेत, तर काय पाहावे?

लळिंग. शहरापासून सुमारे दहा किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत हा किल्ला आणि त्याच्या पायथ्याचे कुरण आहे. किल्ल्याचा चढ मध्यम आहे. तो टाळून कुरणातील सपाट वाटेने चालले तरी डिसेंबरात पिकलेल्या गवताचा रंग पुरेसा समाधान देतो. कुरणातील लांडोर बंगल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ मध्ये थांबले होते आणि ३१ जुलैला त्या स्मृतीस अभिवादन करण्यासाठी लोक येथे जमतात.

साक्री आणि नवापूरकडील रान वेगळे आहे का?

बरेच वेगळे आहे. पश्चिमेकडे पाऊस वाढत जातो, त्यामुळे पिंपळनेर, नवापूर आणि विसरवाडी या भागांतील साग उंच वाढतो व आपली पाने पूर्वेकडील सागापेक्षा उशिरापर्यंत राखून ठेवतो. धुळे-सुरत महामार्गावरील कोंडाईबारी घाट वाहतुकीमुळे दगदगीचा आहे, तर पिंपळनेरहून नवापूरकडे नेणारा चरणमाळ घाट शांत आणि अधिक देखणा आहे. जळगावकडचे डोंगर बोडके झाल्याचे ऐकून ज्यांची सहल हुकली, त्यांनी फेब्रुवारीअखेरीस इकडे यावे.

अजिंठा लेणी पाहताना पानगळही पाहता येते का?

येते. लेणी जळगाव जिल्ह्याच्या हद्दीबाहेर असली तरी जळगावहून अंतर सुमारे ६० किलोमीटरच आहे. वाघूर नदीचा घोड्याच्या नालासारखा वळसा पाने गळाल्यावर समोरच्या दर्शनबिंदूवरून विशेष स्पष्ट दिसतो. लेणी सोमवारी बंद असतात, एवढे लक्षात ठेवावे.

गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांना घेऊन कोठे जावे?

यशवंत तलावाचा काठ, पाल येथील नदीकाठ आणि पाटणादेवी मंदिराचा परिसर ही तीन ठिकाणे आम्ही निःशंकपणे सुचवतो, कारण तिन्ही ठिकाणी वाहन जवळपर्यंत जाते आणि थकवा आला की मागे फिरता येते. मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. सागाच्या वाळलेल्या पानांखाली दगड, खड्डा किंवा मूळ दिसत नाही आणि पान पानावरून घसरते, त्यामुळे उतारावर ज्येष्ठांच्या हातात काठी असावी. गुळगुळीत तळाच्या चपला घालून येऊ नये. नऊ ते अकरा ही वेळ त्यांच्यासाठी सर्वांत चांगली, कारण जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांखाली जाऊ शकतो आणि दुपारी तोच तिशीला टेकतो.

अस्तंभ्याचा डोंगर सोप्या पायवाटांत मोडतो का?

मुळीच नाही. अश्वत्थाम्याचे स्थान म्हणून दिवाळीच्या सुमारास तेथे यात्रा भरते आणि भाविक रात्रभर चढतात. तो श्रद्धेचा आणि दमाचा मार्ग आहे. पानगळीच्या निवांत फेरफटक्यासाठी तळोद्याहून धडगावकडे जाणारा चांदसैली घाट वाहनातून पाहणे पुरेसे आहे.

छायाचित्रांसाठी कोणती वेळ योग्य?

सातपुड्याच्या पायथ्याला सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा दीड तास. पिवळी आणि तांबूस पाने सूर्याकडे तोंड करून, म्हणजे प्रकाश पानाच्या मागून येईल अशी पाहिली, तर रंग दुपटीने खुलतो. पाठीवर ऊन घेऊन पाहिल्यास तेच पान मळकट वाटते. मोबाइलने छायाचित्र काढतानाही हा फरक लगेच कळतो. दुपारी बारा ते तीन या वेळेत डोंगर धुरकट दिसतो, तेव्हा कॅमेरा पिशवीत ठेवून जेवण उरकावे.

चाळीसगावला जाणाऱ्यांनी केकी मूस यांचे कलादालन पाहावे. या छायाचित्रकाराने आयुष्याची अनेक दशके घराबाहेर जवळजवळ न पडता घालवली आणि टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून भूदृश्ये उभी केली. आपण रानोमाळ भटकून जे टिपू शकत नाही ते त्यांनी एका खोलीत कसे साधले, हा विचार मनात घेऊन परतणे वाईट नाही.

पाने नसताना पक्षी अधिक दिसतात का?

दिसतात, आणि खानदेशात त्याचे मोल विशेष आहे. वनपिंगळा हे लहानसे घुबड १८८४ नंतर नामशेष झाले असावे असे मानले जात होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते शहाद्याजवळच्या रानात पुन्हा आढळले. हा पक्षी दिवसाही वावरतो आणि सागाच्या उघड्या फांदीवर बसतो, त्यामुळे पानगळीच्या काळात दिसण्याची शक्यता वाढते. त्याला जवळ बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवणे हा मात्र अत्याचार आहे. विणीच्या काळात तर त्याने त्याची शक्ती व्यर्थ जाते.

वणव्याची भीती कितपत बाळगावी?

पुरेशी बाळगावी. फेब्रुवारीपासून पावसापर्यंत जमिनीवर वाळलेल्या पानांचा आणि गवताचा जो थर असतो, तो एका ठिणगीने पेट घेतो. रस्त्याच्या कडेला काळ्या, जळालेल्या सरळ पट्ट्या दिसल्या तर घाबरू नये. त्या वन विभागाने मुद्दाम आखलेल्या जाळरेषा असतात आणि आगीला पुढे जाऊ न देणे हे त्यांचे काम आहे. विडी-सिगारेट, उघड्यावरची चूल आणि शेकोटी रानात पूर्ण वर्ज्य समजावी.

एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. घाट चढून आलेल्या गाडीचा सायलेन्सर अतिशय तापलेला असतो आणि अशी गाडी वाळल्या गवतावर उभी केली तर गवत धुमसू शकते. आमच्या एका फेरीत मोटारसायकलखालून धूर येताना दिसला आणि पाण्याच्या दोन बाटल्यांनी निभावले. तेव्हापासून आम्ही गाडी केवळ मुरमावर किंवा डांबरावर उभी करतो.

वन्य प्राण्यांविषयी काय काळजी घ्यावी?

सातपुड्यात बिबट्या आणि अस्वल आहेत. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळून पडतात आणि ती खाण्यासाठी अस्वले झाडाखाली येतात, नेमके त्याच वेळी गावकरीही फुले वेचायला जातात. म्हणून उजाडण्यापूर्वी मोहाच्या झाडांकडे एकट्याने जाऊ नये. अभयारण्यात सूर्यास्तानंतर थांबू नये, प्रवेशनाक्यावर नोंद करावी आणि शक्य असेल तेथे स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा. त्याला झाडांची जी नावे ठाऊक असतात ती पुस्तकात सापडत नाहीत.

होळीच्या सुमारास गेल्यास आदिवासी भागात कसे वागावे?

होळीपूर्वीच्या आठवड्यात सातपुड्यातील गावोगावी भोंगऱ्या बाजार भरतात आणि अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. पळसही त्याच दिवसांत फुललेला असल्यामुळे पाने-फुले पाहण्यास आलेले पाहुणे तेथे पोहोचतात. पावरा आणि भिल्ल कुटुंबांसाठी तो सण आहे, प्रदर्शन नव्हे. विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये, आणि नकार मिळाल्यास तो एकदाच ऐकावा. वेचून ठेवलेली मोहाची फुले किंवा चारोळी सहज उचलून पाहू नयेत. ती त्यांची वर्षाची कमाई असते.

वाहन आणि इंधन यांविषयी काही सूचना?

तोरणमाळ किंवा धडगावकडे निघताना टाकी शहाद्यात किंवा तळोद्यात पूर्ण भरून घ्यावी. डोंगरात मोबाइलची रेंज जाते-येते, म्हणून रस्त्याचा नकाशा आधीच उतरवून ठेवावा. हंगामात उसाचे ट्रॅक्टर, कपाशीने फुगलेल्या गाड्या आणि केळीचे ट्रक सर्वत्र असतात. ट्रॉलीला मागे दिवा असेलच असे नाही, त्यामुळे अंधार पडण्यापूर्वी मुख्य रस्त्यावर परतावे. स्वतःचे वाहन नसणाऱ्यांनी एसटीने तालुक्याच्या गावी येऊन तेथून दिवसभरासाठी गाडी ठरवणे सोयीचे जाते. पायथ्याची बरीच ठिकाणे तशी होतात, तोरणमाळला मात्र त्यासाठी मुक्कामच हवा.

जेवणाची व्यवस्था काय करावी?

हिवाळ्यात येथे येऊन भरीत न खाता परत जाणे म्हणजे अर्धी सहल वाया घालवणे होय. आसोदा, बामणोद परिसरातील हिरवी, मोठी वांगी कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजून, हिरव्या मिरचीसह कुटून केलेले भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी हे शेतातील जेवण याच मोसमाचे आहे. जळगाव आणि भुसावळ परिसरात ते खानावळींतही मिळते. डोंगरात मात्र डबा आणि माणशी तीन लिटर पाणी सोबत असावे.

आठवण म्हणून पाने घरी नेलेली चालतात का?

अभयारण्याच्या हद्दीतून पान, फूल, डिंक किंवा लाकूड काहीही उचलू नये. रस्त्याकडेला अभयारण्याबाहेर पडलेले सागाचे एखादे जाळीदार पान मुलांनी वहीत ठेवायला घेतले तर हरकत नसावी. ते वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये, वर जड पुस्तक ठेवून आठवडाभर दाबावे, आणि त्या आठवड्यात वर्तमानपत्र एकदा बदलावे, नाहीतर पानाला बुरशी धरते.